आधी दात, मग भाव

आमचे अण्णा बैल घ्यायला हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला जायचे. शाळेत असताना मी दोनदा त्यांच्यासोबत गेलो. बाजारात शिरल्यावर दोन-दोन तास ते कुणाला किंमत विचारायचे नाहीत. आधी बैलाचं तोंड उघडून दात बघायचे. दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे स्वतः ठरवायचे. मग चालवून बघायचे, खूर उचलायचे, खांद्यावरून हात फिरवायचे. हे सगळं झालं की उपरण्याखाली व्यापाऱ्याचा हात धरून बोटांनी भाव बोलायचे.

एवढं डोळ्यांनी बघितलेलं. तरी २०१९ साली जुनी गाडी घ्यायला गेलो, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "शेवटची किंमत सांगा." त्या वाक्यापायी माझे ऐंशी हजारांहून जास्त गेले. ते कसे गेले, ते सांगतो.

अंबाजोगाईहून कधी लातूरला मुलीकडे, कधी परळीला रेल्वेसाठी, असं आमचं सारखं जाणं-येणं. शेजारच्या एका शहरात एका व्यापाऱ्याकडे पांढरी डिझेल गाडी दिसली, २०१४ चं मॉडेल. मीटरवर ५८ हजार किलोमीटर. "सर, डॉक्टरसाहेबांची गाडी आहे. घर ते दवाखाना, एवढीच चाललीय. सिंगल हँड, कंपनी मेंटेन." अंबाजोगाईच्या माणसाला डॉक्टरची गाडी म्हटलं की निम्मा विश्वास तिथंच बसतो. स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयामुळे आमच्या गावात डॉक्टर पुष्कळ, आणि त्यांच्या नीट ठेवलेल्या गाड्या आम्ही रोज बघतो. मी कुठून आलोय हे त्यानं आधीच विचारून घेतलं होतं.

सांगितले सव्वाचार लाख. मी पावणेचार म्हणालो. त्यानं कॅल्क्युलेटर काढला, "मालकाला" फोन लावला, बाहेर जाऊन बोलून आला. "संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय सर, पण तुमच्यासाठी चार लाख. आत्ता विसार द्या." मी दहा हजार दिले. व्हिजिटिंग कार्डामागे त्यानं "१०,००० मिळाले" एवढंच लिहून दिलं. बायको हळूच म्हणाली, "अहो, मिस्त्रीला दाखवायची नाही का?" मी म्हणालो, "आता विसार दिलाय." बाकीचे रोख दिले तर आणखी पाच हजार सोडतो म्हणाला. तेही केलं. तीस हजार वाचवले, या आनंदात पेढे घेऊन घरी आलो.

दोन महिन्यांत क्लच आणि सस्पेन्शन गेलं, ३४ हजार. मग टर्बो, ४१ हजार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर टाकला, तर २०१७ सालची नोंद निघाली: १ लाख १२ हजार किलोमीटर. गाडी वयानं वाढत होती आणि मीटर लहान होत होतं. आरसीवर मालकाचा अनुक्रमांक २ असा स्वच्छ छापलेला होता; मी तो वाचलाच नव्हता. जुन्या ई-चलानांचे साडेसहा हजार माझ्याच गळ्यात पडले. वरून आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता, त्यामुळे गाडी माझ्या नावावर व्हायला सात महिने लागले. व्यापारी म्हणत राहिला, "फॉर्मवर मालकाची सही आहे ना सर, मग काळजी कशाची?"

तक्रार करायला गेलो तर हातात काय होतं? एक व्हिजिटिंग कार्ड. बीडला जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पण आयोगापुढे काय ठेवणार? बिल नाही, बँकेची नोंद नाही. शिवाय प्राप्तिकर कायद्यानं एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. म्हणजे ज्या रोखीनं मी पाच हजार वाचवले, त्याच रोखीनं माझा पुरावाही नेला.

२०२५ च्या दिवाळीत भाचा म्हणाला, "मामा, जुनी गाडी बघायचीय, सोबत या." या वेळी अण्णांच्या क्रमानं गेलो.

पहिलं, कागद

गाडीचा नंबर मिळाला की घरी बसूनच एम-परिवहन ॲपवर टाका. नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि बोजा तिथं दिसतो. ई-चलान वेगळं तपासा. आरसी हातात घ्या आणि मालक कितवा ते वाचा. चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी अक्षरनअक्षर ताडून बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. अशी गाडी घेतली तर तिकडच्या आरटीओची एनओसी, इथली नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर, हा सगळा खर्च किमतीत धरा.

नाव लागणं किती महत्त्वाचं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालावरून कळतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात गाडी हातोहात विकली गेली होती, पण नोंद पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली. अपघात झाल्यावर भरपाईची जबाबदारी न्यायालयानं नोंदीतल्या मालकावरच ठेवली. म्हणून विकणाऱ्यालाही सांगतो, मालकी बदलण्याच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून मोकळे होऊ नका.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते बघायला मागा. ज्याच्याकडे असतं तो लगेच दाखवतो. नसतं तो चहा मागवतो.

दुसरं, गाडी

सकाळी जा आणि इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. व्यापाऱ्यानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. दाराचे रबर ओढून आतला रंग बघा, बॉनेटच्या बोल्टवर पान्याच्या खुणा बघा; ठोकलेली गाडी तिथं सापडते. टायरवर चार आकडी नंबर असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर ४० हजार दाखवतंय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, असं असेल तर रबरावर विश्वास ठेवा.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला, तेव्हापासून आणखी एक तपासणी वाढली आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; पाण्यात बसलेल्या गाडीच्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्या गंजल्यात का बघा. कार्पेट उचलून वास घ्या.

चाचणी गावातल्या सपाट रस्त्यावर नको. आम्ही भाच्याची गाडी परळीकडच्या घाटात नेली, एसी लावून, चार माणसं बसवून. अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगरावर वसलेली, त्यामुळे गाडीची ताकद आणि ब्रेक तपासायला आम्हाला लांब जावं लागत नाही. परत आल्यावर मिस्त्रीनं यादी केली: दोन टायर, बॅटरी, पुढचे ब्रेक पॅड, एक लिंक रॉड. एकूण २७ हजार.

शेवटी, भाव

आता हातात आकडे होते, म्हणून आवाज चढवावा लागला नाही. "गाडी आवडली. पण हा २७ हजारांचा खर्च आहे, कागदावर आहे," एवढं भाच्यानं सांगितलं आणि गप्प बसला. गप्प बसणं फार अवघड असतं. समोरचा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही.

दुसरा आधार नव्या गाडीच्या किमतीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. नवी स्वस्त झाली, तर जुनीचा भाव जुन्याच हिशेबानं का द्यायचा? आणि "जीएसटी वेगळा पडेल" असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, जुन्या गाडीवर व्यापाऱ्याला तो साधारणपणे स्वतःच्या नफ्यावर भरावा लागतो, पूर्ण किमतीवर नाही.

"महिन्याला किती भरू शकता?" या प्रश्नाला उत्तर देऊ नका, हप्ता कमी दाखवून किंमत त्यात लपवता येते. जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तर दोन्हींचे भाव वेगवेगळे ठरवा. बोला ते एकाच आकड्यात: नावावर करण्याचा खर्च, चलान, बोजा उतरवणं, सगळं धरून. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही हे हिशेबात धरा. विसार द्यायचाच असेल तर तपासणीत दोष निघाल्यास परत मिळेल, असं लिहून घ्या. दुसरी पार्टी येत असेल तर येऊ द्या.

भाच्याला ४ लाख ६० हजार सांगितले होते. सगळं धरून ४ लाख २० हजारांत ठरलं, बँकेतून पैसे गेले, पक्कं बिल मिळालं. त्यातले १५ हजार आरसी नावावर येईपर्यंत राखून ठेवले. एमएच ४४ ची, म्हणजे अंबाजोगाईचीच ती गाडी महिनाभरात नावावर झाली.

हाळीच्या त्या दुसऱ्या खेपेला अण्णा बैल न घेताच परतले होते. मी रुसून बसलो, तर म्हणाले, "बाजार पुढच्या आठवड्यालाही भरतो." म्हणून गाडी बघायला जाताना सोबत मिस्त्री न्या, वही न्या, आणि पहिल्या दिवशी पैसे घरीच ठेवून जा.