मोहफुले काळी का पडतात?

प्रश्न : आमच्या बचत गटाची मोहफुले ‘काळी’ म्हणून व्यापारी भाव पाडतो. झाडच तसे असेल, तर आम्ही काय करणार?
– एक वाचक, कुरखेडा

उत्तर : ताई, झाडाचा दोष नाही. पहाटे गळलेले फूल फिकट पिवळसर असते. वाळल्यावर तांबूस होणारच. काळे पडते ते ओलसर जमिनीवर राहिल्याने किंवा ओल्या फुलांचा ढीग घातल्याने. झाडाखाली जाळी बांधा. पालापाचोळा मात्र जाळू नका, राख चिकटते आणि वणवाही लागतो. फुले चटईवर पातळ पसरून वाळवा.

पण आधी व्यापाऱ्याला विचारा, माल कशासाठी हवा? दारूसाठी काळपट फूलही खपते, लाडवाला स्वच्छच लागते. नमुना दाखवून भाव वेचणीआधी ठरवा, पोत्यावर वाळवल्याची तारीख लिहा. आणि हो, त्यात गेल्या सालचा माल मिसळू नका. चांगले गिऱ्हाईक तिथेच तुटते.