चार मांजरांचे घर

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी मांजर आहे? आणि एकाहून अधिक मांजरे किती जणांकडे आहेत?

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाताना वाटेत पाचोड लागते. पैठण तालुक्यातील हे बाजाराचे गाव आहे. आसपासच्या शेतांत कापूस, बाजरी, तूर पिकते. मोसंबीच्या बागाही आहेत. अशा गावात घरोघरी धान्याची पोती असतात. धान्य आले की उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे मांजर येते.

माणसाची आणि मांजराची ओळख अशीच झाली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात लोक शेती करू लागले. त्यांच्या कोठारांत उंदीर शिरले आणि उंदरांसाठी रानमांजरे वस्तीजवळ आली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. तिच्यात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा होता. म्हणजे ही मैत्री किती जुनी आहे पाहा!

आता अशी कल्पना करा की तुम्ही पाचोडला राहता आणि तुमच्या घरी चार मांजरे आहेत. भुरी ही आई. काळू आणि ठिपकी ही तिची मुले. चौथा शेरू. तो बाहेरून आलेला बोका आहे. उर्दूत तुम्ही ‘बिल्ली’ म्हणता. तो शब्द स्त्रीलिंगी आहे. मराठीत ‘मांजर’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ‘ते मांजर’, ‘ती मांजरे’ असे आपण म्हणतो. नर असेल तर ‘बोका’ आणि मादी असेल तर ‘मांजरी’.

सकाळी अम्मी स्वयंपाकघरात शिरली की चौघे तिच्या पायांत घोटाळतात. शेपटी उभी करून ती गाल घासतात. हे त्यांचे ‘सलाम’ करणेच समजा! चौघांना एकाच ताटलीत खायला दिले तर काय होईल? शेरू सगळे फस्त करील आणि भित्री ठिपकी उपाशी राहील. म्हणून चार ताटल्या हव्यात आणि त्या एकमेकींपासून दूर हव्यात.

मांजर म्हटले की दूध आठवते. पण पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. त्यांना जुलाब होतात. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. मीठ-मसाला न घातलेले, उकडलेले मांस किंवा काटे काढलेली मासळी त्याला द्यावी. कांदा आणि लसूण त्याला विषासारखे असतात. आपले तापाचे पॅरासिटामॉलही मांजराला कधी देऊ नये. त्या गोळीने ते मरू शकते.

दुपारी चौघे झोपतात. मांजर दिवसातून बारा ते सोळा तास झोपते. काळू पोत्यावर झोपतो, ठिपकी खाटेखाली, तर भुरी कोनाड्यात. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. दुसऱ्याने ती घेतली की फिसकारणे सुरू होते. अशा वेळी भांडणाऱ्या मांजरांमध्ये हात घालू नका. टाळी वाजवा, म्हणजे ती दूर होतील. मराठवाड्याचा उन्हाळा कडक असतो. म्हणून सावलीत पाण्याची दोन-तीन भांडी ठेवा.

त्यांच्या शौचासाठी टोपल्यात माती किंवा वाळू ठेवतात. मांजरे अनेक असली की टोपलीही एकाहून जास्त लागतात. ती रोज साफ करावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. गरोदर बाईने मात्र हे काम करू नये. मांजराच्या विष्ठेतील जंतूंमुळे पोटातील बाळाला धोका असतो.

संध्याकाळी अब्बा शेतातून येतात. त्या दिवशी कपाशीवर फवारणी झाली असेल तर पंप आणि कपडे मांजरांपासून दूर ठेवायला हवेत. मांजर आपले अंग चाटून साफ करते. त्यामुळे अंगाला लागलेले औषध त्याच्या पोटात जाते. उंदरांसाठी ठेवलेले विषही असेच घातक आहे. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर तेही मरू शकते.

रात्री चौघे बाहेर निघतात. मांजराच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो. म्हणून त्याला अगदी कमी उजेडातही दिसते आणि त्याचे डोळे चमकतात. ‘मांजर आडवे गेले की काम बिघडते,’ असे काही लोक म्हणतात. पण विचार करा. वाहनांनी गजबजलेल्या रस्त्यावर मांजर आडवे गेले, तर काम कोणाचे बिघडते? गाडीवाल्याचे की मांजराचे?

एक दिवस भुरी कपाटामागे चार पिल्ले देते. आता घरात आठ मांजरे झाली! शेजारी म्हणतात, “पोत्यात घाला आणि बाजारात सोडून या.” काही लोक खरोखर असे करतात. पण त्या पिल्लांचे पुढे काय होते? पिल्लांचे डोळे जन्मानंतर सुमारे एक ते दोन आठवड्यांनी उघडतात. आठ आठवड्यांची होईपर्यंत त्यांना आई हवी असते. त्याआधी सोडलेली पिल्ले भुकेने, उन्हाने किंवा कुत्र्यांच्या तावडीत सापडून मरतात. घरी आई मात्र त्यांना हाका मारत फिरते.

अशा वेळी दादी काय सांगेल? ती हजरत अबू हुरैरा यांची आठवण देईल. ‘अबू हुरैरा’ म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा पिता. मांजरावरच्या प्रेमामुळे त्यांना हे नाव मिळाले. दादी हदीसमधील त्या बाईची गोष्टही सांगेल. त्या बाईने मांजर कोंडून ठेवले. त्याला खायला दिले नाही आणि भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही. ते मांजर मेले आणि त्या बाईला शिक्षा झाली.

मग उपाय काय? थोडे गणित करा. मांजरीचे गर्भारपण सुमारे नऊ आठवड्यांचे असते. ती वर्षातून दोनदा व्याली आणि प्रत्येक वेळी चार पिल्ले झाली, तर वर्षात आठ पिल्ले होतील. त्यांतील माद्याही साधारण सहा महिन्यांत वयात येतात. एवढ्यांना खायला कोण घालणार? म्हणून पशुवैद्यकांना विचारून मांजरीचे आणि बोक्याचे नसबंदीचे ऑपरेशन करून घ्यावे. पिल्ले मारण्यापेक्षा किंवा टाकून देण्यापेक्षा हा मार्ग दयेचा आहे. झालेली पिल्ले मोठी करून, जो नीट सांभाळील त्यालाच द्यावीत.

आणखी एक गोष्ट कधीही विसरू नका. रेबीज हा रोग कुत्र्याप्रमाणे मांजराच्या चावण्यानेही होऊ शकतो. त्याची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस देण्यास सुरुवात झाली. त्याला पिसाळलेले कुत्रे चावले होते. तो मुलगा वाचला. म्हणून मांजर चावले किंवा त्याने रक्त येईल असे ओरबाडले, तर घरी लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. तिच्यावर हळद, तिखट किंवा चुना लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टर सांगतील तेवढी सर्व इंजेक्शने घ्या. आपल्या मांजरांनाही दरवर्षी लस टोचून घ्या.

मित्रांनो, ‘जबाबदारी’ हा मराठी शब्द तुमच्या ओळखीच्या ‘जवाब’ या शब्दापासून आला आहे. ज्याला जवाब द्यावा लागतो, तो जबाबदार. मुके मांजर आपल्याला काही विचारू शकत नाही. म्हणून घरात एक मांजर असो की चार, त्यांच्या वतीने आपणच आपल्याला विचारायला हवे, “आज सगळ्यांना पाणी मिळाले का? सगळी जेवली का? सगळी घरी परतली का?”

शब्दार्थ
कोठार – धान्य साठवण्याची जागा
फस्त करणे – सगळे खाऊन टाकणे
कोनाडा – भिंतीतील वस्तू ठेवण्याची जागा
भक्ष्य – खाण्यासाठी पकडलेला प्राणी
पशुवैद्यक – जनावरांचा डॉक्टर

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मांजरांना वेगवेगळ्या ताटल्यांत खायला का द्यावे?
(आ) फवारणीच्या दिवशी कोणती काळजी घ्यावी?
२. मांजर चावल्यास काय करावे आणि काय करू नये, ते चार ओळींत लिहा.
३. अनेकवचन लिहा : मांजर, पिल्लू, बोका, ताटली.
४. पिल्ले पोत्यात घालून सोडून देणाऱ्या शेजाऱ्याला तुम्ही काय सांगाल? मराठीत संवाद लिहा.