तणनाशकावर फॉर्मलीन ओतण्याआधी

शेडनेटमधल्या टोमॅटोचे शेंडे पिळवटले, तेव्हा पेणच्या दुकानदाराने मोबाइलवरचा फोटो बघून लगेच निकाल दिला, ‘‘काका, हा चुरडामुरडा. पांढरी माशी आलीय.’’ माशीचं औषध काउंटरवर ठेवूनही झालं. ते मारलं. नवी पानं तरी अरुंद, पट्टीसारखीच येत राहिली.

आदल्या हंगामात मर लागून वांगी गेली होती. त्यावर सल्ला याचाच: टू-फोर-डी मारून रुंद पानांचं तण संपवा, लगेच फॉर्मलीन ओतून प्लास्टिक अंथरा, वास गेला की लागवड. दोन्ही औषधं त्यानेच दिली. ‘तणनाशक मातीत राहणार नाही ना?’ हे मी तेव्हाच विचारलं होतं. ‘‘जिरतं हो ते,’’ म्हणे.

जिरतं, पण जिवंत मातीत. टू-फोर-डीचं विघटन मुख्यतः मातीतले सूक्ष्मजीव करतात; एरवी काही आठवड्यांत त्याचा बराचसा अंश संपतो. फॉर्मलीनने मरीच्या जंतूंबरोबर तेही मारले. मग तणनाशक खाणार कोण? आणि टोमॅटो तर त्याच्या अगदी थोड्या अंशानेही वाकतो.

हे कळलं ते वाफ्याच्या कडेला. तिथे प्लास्टिक कमी पडलं म्हणून एक पट्टी फॉर्मलीनशिवाय राहिली होती. टू-फोर-डी तिथेही त्याच दिवशी मारलेलं, रोपं त्याच ट्रेमधली, आणि ती सरळ, हिरवीगार. पांढऱ्या माशीला प्लास्टिकची कड दिसते का, असं मी दुकानात जाऊन विचारलं. तो वही चाळत राहिला. मग म्हणतो, ‘‘तुमचं पाणी खारं असेल.’’ माझी शेती रोह्यात, कुंडलिकेच्या कालव्यावर! खारेपाटाचं दुखणं माझ्या माथी.

आपण राब भाजतो तेव्हाही मातीतले जीव मरतात, पण वरच्या थरातलेच. खालचे जीव पुन्हा वर पसरतात. फॉर्मलीन किंवा डॅझोमेटसारखं माती निर्जंतुक करणारं औषध मात्र खोल जातं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. तणनाशक मारलं असेल तर माती ओलसर ठेवून आधी ते जिरू द्या, निर्जंतुकीकरण त्यानंतर. शेडनेटमध्ये तण हातानेच काढलेलं बरं. टू-फोर-डी भातात चालतं म्हणून टोमॅटो, भेंडी, वालाच्या जागी चालत नाही. लागवडीआधी एका कुंडीत वाफ्याची आणि दुसरीत बाहेरची माती घेऊन टोमॅटोचं बी टाका. नुसतं उगवलं म्हणून खूश होऊ नका, दोन-चार खरी पानं येऊ द्या. फॉर्मलीननंतर चांगलं कुजलेलं शेणखत घाला, म्हणजे मातीत जीव परत येतो. नेहमीच्या माती परीक्षणावर विसंबू नका. त्यात सामू आणि नत्र-स्फुरद-पालाश कळतं, तणनाशक नाही. शंका आली तर रोप मुळासकट उपटून किल्ला-रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, दुकानात नको. घाई नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे ठेवा, विषाची गरजही कमी होते. हातमोजे, मास्क, लेबल वाचणं वगैरे आहेच.

आणि पक्कं बिल घ्या, बॅच क्रमांकासह. मागच्या बाजूला सल्लाही लिहून मागा. लिहून द्यायला कचरला, तर औषध तिथेच ठेवून या.