कोळंबीची ॲलर्जी की खराब बांगडा?

थळसारख्या कोळीवाड्याच्या गावात रोगप्रतिकारशक्तीचा धडा ताटातूनच सुरू करता येतो. कोळंबी खाल्ली आणि अंगावर गांधी उठल्या, तर आत काय घडतं?

काहींचं शरीर कोळंबीतल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाला शत्रू समजतं आणि आयजीई प्रतिपिंडं तयार करतं. ती मास्ट पेशींवर चिकटून बसतात. पुढच्या वेळी कोळंबी पोटात गेली की या पेशी साठवलेलं हिस्टामिन बाहेर सोडतात. खाज सुटते, सूज येते. हे प्रथिन शिजवूनही टिकतं.

बांगडा बर्फाविना राहिला, तर मात्र जिवाणू माशातच हिस्टामिन तयार करतात. तळूनही ते जात नाही. लक्षणं बरीचशी तीच, पण चूक पेशींची नाही. पंगतीत अनेकांना त्रास झाला, तर संशय माशावर घ्यावा. एकाच मुलाला दर वेळी झाला, तर ॲलर्जीची तपासणी करावी. उगाच मुलाचे मासे कायमचे बंद करू नयेत.

एवढं मात्र मुलांकडून पाठच करून घ्या: श्वास अडकला, जीभ सुजली, चक्कर आली, तर घरगुती उपाय नाहीत. थेट दवाखाना गाठायचा. अशा वेळी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन जीव वाचवतं.