सायलेन्सरमधली 'माती'

इको गाडीचा सायलेन्सर चोरणाऱ्यांना सायलेन्सर नको असतो. तो फोडून ते आतला राखाडी चुरा काढून घेतात. या धंद्यात त्याला 'माती' म्हणतात. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, मुंबई आणि पलीकडे गुजरातेतही गेल्या काही वर्षांत अशा चोऱ्यांचे गुन्हे एकामागून एक नोंदवले गेले. या मातीत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू असतात. एका गाडीत सगळे मिळून काही ग्रॅमच. पण २०२१ साली ऱ्होडियमचा भाव औंसाला वीस हजार डॉलरच्या वर गेला होता. सोन्याच्या तेव्हाच्या भावाच्या दहापटीहून जास्त.

माझ्या भाच्याने शाळेच्या मुलांची ने-आण करायला सेकंडहँड इको घेतली. इंजिनचा आवाज स्वच्छ, टायर बरे, कागदपत्रं चोख. थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि मागे बसणारी मुलं धुराच्या वासाची तक्रार करू लागली. एका गॅरेजवाल्याने "दिवाच बंद करून देतो" म्हणून सांगितलं. दुसऱ्याने गाडी रॅम्पवर घेतली. सायलेन्सरच्या पुढच्या फुगीर भागाभोवती वेल्डिंगची ओबडधोबड रेघ होती, तिच्यावर काळा रंग फासलेला. मिस्त्रीने रबरी हातोडीने दोनदा ठोकलं. डबा पोकळ वाजला. कुणीतरी आतला ऐवज काढून घेऊन रिकामं टरफल पुन्हा जागेवर बसवलं होतं.

जुनी गाडी घेताना लोक बॉनेट उघडतात, डिकी बघतात. गाडीखाली मात्र फारसं कुणी वाकत नाही. रॅम्पवर चढवून सायलेन्सरवर नवं वेल्डिंग आहे का ते बघावं आणि पीयूसीची तपासणी स्वतःच्या डोळ्यांसमोर करून घ्यावी. आधीच काढून ठेवलेल्या सर्टिफिकेटवर विसंबू नये.

त्या डब्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. त्यात एवढं काय असतं? चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाची, मधाच्या पोळ्यासारखी जाळी. तिच्या बारीक नळ्यांना आतून या मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेला असतो. इंजिनातून आलेला धूर नळ्यांतून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं फुटून साधा नायट्रोजन उरतो. धातू यात खर्च होत नाहीत, म्हणून नीट सांभाळलेला कन्व्हर्टर वर्षानुवर्षं चालतो. त्याला काम सुरू करायला अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसची उष्णता लागते. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन लगेच बंद होणाऱ्या गाडीत तो धड तापतच नाही.

यूजीन हूद्री या फ्रेंच इंजिनिअरने अमेरिकेत असल्या यंत्रणेवर काम केलं, पण शिसं असलेल्या पेट्रोलमुळे ती टिकेना. शिशाचा लेप धातूंवर बसला की ते निकामी होतात. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून कन्व्हर्टर सर्रास आले. आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना ते सक्तीचे झाले आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल पंपांवर आलं. देशभरात ते २००० साली पोहोचलं.

आता शिसं गेलं, तरी कन्व्हर्टर मरतातच. आणि बहुतेक वेळा दोष त्यांचा नसतो, इंजिनाचा असतो. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल खराब झाली की गाडी मिसफायर मारते, कच्चं पेट्रोल तसंच सायलेन्सरकडे जातं आणि कन्व्हर्टरमध्ये पेटतं. उष्णता एवढी वाढते की जाळी वितळून नळ्या बुजतात. मग पिकअप जातो, चढावर गाडी दम टाकते. चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर लवकरात लवकर गॅरेज गाठावं. तो लुकलुकू लागला तर गाडी बाजूला घेऊन थांबावं. बॅटरी उतरलेली गाडी धक्का मारून चालू करण्याची आपली जुनी सवयही याच कारणासाठी वाईट. जंपर केबल वापरावी.

ऑइल पिणारं इंजिन हा दुसरा शत्रू. ऑइलमधल्या फॉस्फरसचा थर धातूंवर चढत जातो. दर महिन्याला ऑइल टॉप-अप करावं लागत असेल, तर ते का कमी होतंय हे आधी शोधा. तापलेली गाडी गुडघाभर पाण्यात घातली तर जाळीला तडा जाऊ शकतो. मग खालून खडखड ऐकू येते. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नये, कारण तापलेल्या कन्व्हर्टरने गवत पेट घेऊ शकतं.

स्कॅनरवर 'पी ०४२०' हा कोड दिसला की काही मिस्त्री थेट नवा कन्व्हर्टर सुचवतात. खर्च पाच आकडी. आधी सायलेन्सर कुठे लीक आहे का आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर बरोबर चालतो का, हे तपासायला लावा. "काढूनच टाका, ॲव्हरेज वाढेल" हा सल्ला तर कुणाचाही ऐकू नका. ते बेकायदा आहे, आणि तो धूर आपल्याच मागे बसलेल्या मुलांच्या नाकात जातो. भाच्याने पदरमोड करून अस्सल कन्व्हर्टर बसवला. मला ते अगदी योग्य वाटलं.

चोरीपासून वाचवायचं तर इको रात्री उजेडात, कॅमेऱ्याच्या टप्प्यात आणि शक्यतो भिंतीला चिकटून लावावी. गाडीचं पोट उंच असल्याने माणूस सहज खाली सरकतो आणि पाना लावून काही मिनिटांत काम उरकतो. खालून लोखंडी जाळी बसवून घेता येते. कन्व्हर्टरवर गाडीचा नंबर कोरून ठेवला तर चोरीचा माल ओळखता येतो. सोसायटीच्या वॉचमनलाही सांगून ठेवा: रात्री गाडीखाली झोपून कुणी 'दुरुस्ती' करत असेल तर हटकायचं.

आणि सकाळी गाडी सुरू करताच ट्रॅक्टरचा आवाज आला, तर लगेच बंद करा. खाली वाकून फोटो काढा, ११२ ला फोन लावा, एफआयआर नोंदवा, त्याची प्रत घेऊन विमा कंपनीला कळवा. 'सायलेन्सरच गेलाय' म्हणून गप्प बसू नका. भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये येते आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं कलम ३१७ मध्ये. माती विकत घेणाऱ्या भंगारवाल्यापर्यंत पोलिसांना पोहोचायचं असेल, तर तुमची तक्रार आधी कागदावर यायला हवी.