जवळ घेणे आणि दूर होणे
(चिंपांझींच्या आश्रयस्थानातील दिनक्रम आणि संगोपन)

२०१३ साली काँगो प्रजासत्ताकात घेतलेली एक लहानशी चित्रफीत जगभर गाजली. वुंडा नावाच्या चिंपांझी मादीला पेटीत घालून नदीतील एका बेटावर आणले जाते. पेटीचे दार उघडते, ती बाहेर येते, थोडी घुटमळते आणि शेजारी उभ्या असलेल्या वयोवृद्ध जेन गुडाल यांना घट्ट मिठी मारते. पाहणाऱ्याचा गळा दाटून येतो. प्राणिप्रेमाचे याहून सुंदर चित्र कोणते, असे आपण म्हणतो.

परंतु मिठीनंतर काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. वुंडा मिठी सोडून झाडीत निघून गेली आणि ज्यांनी तिला मरणाच्या दारातून परत आणले होते ते लोक होडीत बसून माघारी आले. चिंपांझींच्या संगोपनाचे मर्म मिठीपेक्षा या निघून जाण्यात अधिक आहे, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात त्याचीच थोडी फोड करावयाची आहे.

शब्दाची अडचण

इंग्रजीतील ‘सँक्चुअरी’ या शब्दाला आपण सरसकट ‘अभयारण्य’ म्हणतो. दांडेली किंवा राधानगरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोकळे जंगल येते. तेथील प्राणी आपले आपण जगतात, माणसाने फक्त त्यांच्या वाटेस जायचे नसते. चिंपांझींचे आश्रयस्थान तसे नव्हे. तेथे प्राण्यांना खाऊ घालावे लागते, औषधपाणी करावे लागते, रात्री त्यांची मोजदाद करावी लागते. या अर्थाने ते आपल्या पांजरपोळाच्या अधिक जवळचे. मात्र पांजरपोळातील गाय शेकडो पिढ्या माणसाच्या दावणीला राहिलेली असते, आणि चिंपांझी हा पूर्णपणे रानचा जीव. माणसाच्या संगतीत तो वाढू शकतो, पण माणसाळत नाही. सगळा पेच येथूनच सुरू होतो.

अनाथ होण्याची रीत

आफ्रिकेतील आश्रयस्थानांत येणारी पिले बहुधा वर्ष-दोन वर्षांची असतात. ती रस्त्यात सापडत नाहीत. शिकारी मांसासाठी मादीला मारतात आणि तिच्या अंगाला बिलगलेले पिलू जिवंत विकतात. कित्येकदा पिलासाठीच आईला मारले जाते. कळपातील इतर प्रौढ प्राणी मदतीस धावले, तर तेही बळी पडतात. म्हणजे बाजारात दिसणाऱ्या एका पिलामागे मेलेली निदान एक आई असते आणि पुष्कळदा आणखीही काही जीव असतात.

हा व्यापार केवळ आफ्रिकेपुरता आहे असे समजू नये. २०१९ साली सक्तवसुली संचालनालयाने कोलकात्यात कारवाई करून तीन चिंपांझी ताब्यात घेतले होते. आफ्रिकेबाहेर कोठेही रानटी चिंपांझी नाहीत. तेव्हा ते कोठल्या वाटेने आले असतील याची कल्पना करता येते.

आई गेल्याने पिलाचे नेमके काय हरवते, हे टांझानियातील गोंबे येथे १९६० पासून चाललेल्या निरीक्षणांतून कळले आहे. पिलू चार-पाच वर्षे आईचे दूध पिते, रात्री तिच्याच घरट्यात झोपते. कोणते फळ खावे, वाळवीच्या वारुळात काडी कशी घालावी, पानाफांद्यांचे घरटे कसे रचावे, मोठ्या नरापुढे कसे वाकावे, हे सारे ते तिच्याजवळ राहून शिकते. १९७२ साली गोंबेतील फ्लो ही वृद्ध मादी वारली. तिचा मुलगा फ्लिंट तेव्हा आठ वर्षांचा होता. स्वतः खाण्याइतका मोठा होता. तरीही तो खिन्न झाला, खाईनासा झाला आणि महिन्याभरात मेला. याउलट १९८७ मध्ये मेल नावाचे सव्वातीन वर्षांचे आजारी पिलू आईविना उरले, तेव्हा स्पिंडल नावाच्या किशोरवयीन नराने त्याला पाठीवर घेतले, घरट्यात जागा दिली आणि ते जगले. स्पिंडलचे मेलशी कसलेही निकटचे नाते नव्हते. अन्नाइतकीच दुसऱ्या चिंपांझीची ऊब पिलाला लागते, हा या दोन घटनांचा धडा आहे.

न्गांबा बेटावरील एक दिवस

एंटेबे हे नाव आपल्याकडे १९७६ च्या विमान-अपहरणामुळे परिचित झाले. युगांडातील या गावापासून सुमारे २३ किलोमीटरांवर, व्हिक्टोरिया सरोवरात न्गांबा नावाचे बेट आहे. १९९८ साली तेथे १९ अनाथ चिंपांझींना आणून आश्रयस्थान सुरू करण्यात आले. पुढे ही संख्या पन्नासच्या आसपास गेली. चिंपांझीला पोहता येत नाही, म्हणून सभोवारचे पाणी हेच कुंपण. बेटाच्या एका लहानशा तुकड्यावर माणसांची वस्ती आहे, आणि तो तुकडा विजेच्या तारांनी वेगळा केलेला आहे. कुंपणाच्या आत माणूस राहतो आणि बाहेर चिंपांझी, ही गोष्ट मोठी मार्मिक वाटते.

बेट सुमारे १०० एकरांचे, म्हणजे जेमतेम ०.४ चौरस किलोमीटर. रानातील चिंपांझींच्या एका समूहाला कित्येक चौरस किलोमीटरांचा टापू लागतो. तेव्हा बेटावरील झाडांच्या फळांवर पन्नास जणांचे पोट भरणे शक्य नाही. पपई, केळी, फणस, रताळी, गाजर, कोबी असा शिधा किनाऱ्यावरून होडीने आणावा लागतो. सरोवराला वारा सुटला म्हणून भूक थांबत नाही. बेटावरील व्यवस्थापनाचे निम्मे काम हे असले पुरवठ्याचेच असते.

सकाळी रात्रीच्या निवाऱ्याची दारे उघडतात आणि सारे रानात पांगतात. त्यानंतर संगोपकांच्या हाती येतो तो खराटा. निवारा धुणे, जाळ्या तपासणे, उरलेसुरले अन्न आणि विष्ठा पाहणे. विष्ठा पाहणे हे किळसवाणे वाटले, तरी आजाराची पहिली बातमी बहुधा तीच देते. दिवसातून काही ठराविक वेळी तारांच्या अलीकडून फळे फेकली जातात. पाहुणे उंच मचाणावरून ते दृश्य पाहतात. त्यांना ती गंमत वाटते. संगोपकाची नजर मात्र वेगळे टिपत असते. कोण आला नाही? कोणाच्या हातातले कोणी हिसकावले? कोण लंगडतो आहे? फळे एका ठिकाणी टाकली तर बलिष्ठ नर सारी बळकावतात. म्हणून ती दूरदूर विखरून फेकावी लागतात. वाढणाराने पंगतीच्या टोकाला बसलेल्याकडे लक्ष ठेवावे, त्यातलाच हा प्रकार.

संध्याकाळी बहुतेक जण आपण होऊन निवाऱ्यात परततात. तेथे त्यांना पिठाची गरम लापशी मिळते आणि झोपण्यासाठी टांगलेल्या झोळ्या असतात. एखादा रानातच घरटे करून राहिला, तर त्याला ओढून आणीत नाहीत. त्याने घरटे बांधले ही संगोपकाच्या दृष्टीने आनंदाची बातमी असते. लापशीच्या वेळी प्रत्येकाला जवळून पाहता येते, औषधही त्यातूनच देता येते. पुष्कळ केंद्रांत चिंपांझींना जाळीतून आपला हात किंवा जखम दाखविण्याची सवय लावतात, म्हणजे भूल देण्याचे प्रसंग कमी येतात.

नव्या पिलाचा प्रवेश

नवे पिलू आले की आरंभी त्याला सर्वांपासून वेगळे ठेवतात. क्षय, जंत, कावीळ यांच्या तपासण्या होतात. या काळात एक-दोन संगोपक त्याची आई होतात. बाटलीने दूध पाजणे, अंगाखांद्यावर वागवणे, रात्री उठून पाहणे, सारे काही. आईच्या प्रेताला चिकटलेल्या अवस्थेतून ओढून काढलेले पिलू पुष्कळदा एका कोपऱ्यात बसून डुलत राहते. त्याला अशा वेळी हवा असतो तो स्पर्श, आणि तो न दिल्यास औषधाचा उपयोग होत नाही.

यानंतर कठीण भाग येतो. तपासणीचा काळ संपला की त्याची एखाद्या शांत स्वभावाच्या मादीशी जाळीआडून ओळख करून देतात. बोटे शिवतात, वास घेतला जातो. मग दोघांना एका खोलीत, मग त्या मादीच्या मैत्रिणींसह, आणि सर्वांत शेवटी प्रौढ नरांसमोर. यात महिने जातात. घाई केली तर पिलाचा जीव जाऊ शकतो. आणि जसजसे पिलू त्या मादीच्या पाठीवर बसू लागते, तसतसे संगोपकाने आपला हात आखडता घ्यायचा असतो. पिलू जाळीपाशी येऊन त्याच्याकडे हात पसरते, ओरडते. तरी त्याने कडेवर घ्यायचे नाही. सासरी निघालेल्या मुलीला निरोप देणारी आपल्याकडील माणसे हे दुःख ओळखतील.

प्रेमाने केलेली चूक आणि निष्ठुर वाटणारे नियम

दूर होण्याचा हा आग्रह कशासाठी, याचे उत्तर सिएरा लिओनमधील ताकुगामा केंद्राच्या इतिहासात सापडते. बाला अमरशेखरन हे श्रीलंकन वंशाचे हिशेबनीस. १९८८ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने एका खेड्यात बांधून ठेवलेले आजारी पिलू दयेपोटी विकत घेतले आणि त्याचे नाव ब्रूनो ठेवले. ते घरातल्या मुलासारखे वाढले. पुढे आणखी पिले येत गेली, घर अपुरे पडले आणि १९९५ मध्ये फ्रीटाउनजवळच्या जंगलात केंद्र उभे राहिले. यादवी युद्धातही ते टिकले. ब्रूनो मोठा होऊन समूहाचा प्रमुख झाला.

एप्रिल २००६ मध्ये ब्रूनोसह ३१ चिंपांझी कुंपणातून निसटले. वाटेत एका मोटारीतील माणसांशी त्यांची गाठ पडली. तीत चालकाचा मृत्यू झाला आणि इतर जखमी झाले. पुढे २७ चिंपांझी परत आले. ब्रूनो मात्र पुन्हा दिसला नाही.

या घटनेतून चिंपांझी क्रूर असतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तो रानातही आपल्या सीमेसाठी लढतो, कधी मारतोही. मात्र रानातला चिंपांझी माणसाला पाहून सहसा दूर पळतो. माणसांत वाढलेल्याचे हे भय गेलेले असते. आपण प्रेमाने त्याचे भय घालवतो आणि त्याचबरोबर त्याचे व आपले संरक्षणही घालवून बसतो. म्हणून चांगल्या आश्रयस्थानांत प्रौढ चिंपांझींच्या मध्ये कोणी संगोपक जात नाही. जाळी नेहमी मध्ये असते.

दुसरा नियम सर्दीपडशाचा. आपल्या साध्या सर्दीचे विषाणू त्यांच्यात जीवघेणे ठरतात. २०१३ साली युगांडातील किबाले जंगलात अशाच एका मानवी विषाणूने रानातील चिंपांझी दगावले. तेव्हा शिंकणाऱ्या माणसाने, मग तो कितीही जिव्हाळ्याचा असो, कामावर न येणे हीच सेवा होय.

तिसरा नियम ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. ही जात नष्ट होण्याच्या मार्गावर असताना आश्रयस्थानांतील माद्यांना संततिप्रतिबंधक औषध दिले जाते. कारण सरळ आहे. चिंपांझी माणसाच्या देखरेखीत पन्नास वर्षांहूनही अधिक जगू शकतो. आत जन्मलेले प्रत्येक पिलू बाहेरच्या एका अनाथाची जागा अर्ध्या शतकासाठी अडवते. शिवाय त्याला सोडायला सुरक्षित रान कोठे आहे? रिकामे वाटणारे रान बहुधा दुसऱ्या समूहाच्या मालकीचे असते आणि तेथील नर परक्याला जगू देत नाहीत. म्हणूनच बेटे शोधावी लागतात, आणि बेटे थोडी आहेत.

समारोप

येथे एक अवघड प्रश्न उरतो. एवढे कष्ट करून ज्यांना वाढवायचे ते बहुतेक कधीच खऱ्या रानात जाणार नाहीत. मग या पैशांतून जंगलच का राखू नये? प्रश्न रास्त आहे. परंतु जप्त केलेले पिलू ठेवायला जागाच नसेल, तर वनाधिकारी जप्ती करणार कशी? आश्रयस्थान हा कायद्याचा दुसरा हात आहे. आणि जंगल राखणे हेही त्यांना टळत नाही. सिएरा लिओनने २०१९ मध्ये चिंपांझीला राष्ट्रीय प्राणी ठरवले. तरीही सभोवारच्या जंगलावरील अतिक्रमणाच्या निषेधार्थ ताकुगामाला २०२५ मध्ये पाहुण्यांसाठी आपली दारे बंद करावी लागली. कुंपण कितीही मजबूत असले, तरी पलीकडचे रान गेल्यावर आतल्या बाजूला काय अर्थ राहतो?

आपल्यातील वडीलधाऱ्यांनी दारोदार अस्वल नाचवणारे दरवेशी पाहिले आहेत. त्या अस्वलांपैकी कित्येकांना पुढे बंगळुरूजवळ बन्नेरघट्टा येथे आश्रय मिळाला. नाकातली वेसण निघाली, पण जंगलात परतणे त्यांनाही जमण्यासारखे नव्हते. तेव्हा ही समस्या केवळ आफ्रिकेची नाही.

एकदा मोडलेले रानातले घर माणसाला पुन्हा जसेच्या तसे बांधून देता येत नाही. पिलाला त्याच्या जातभाईंच्या हाती सोपवून आपण बाजूला होणे, एवढेच त्याच्या हाती उरते. न्गांबाच्या संगोपकाला संध्याकाळी झोळी रिकामी दिसली आणि दूर झाडावर नवे घरटे दिसले, तर तो ते वहीत नोंदवतो आणि त्या रात्रीची एक वाटी लापशी उरते.