पाण्यात राहून माशाशी वैर

ठाणे शहरातील टेंभी नाका हे सदैव गजबजलेले ठिकाण आहे. वाहनांची वर्दळ, दुकानांतील गर्दी आणि नवरात्रातील देवीचा उत्सव यांमुळे त्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते. तेथे उभ्या असलेल्या माणसास समुद्राची आठवण सहसा होत नाही. परंतु तेथून थोड्याच अंतरावर चेंदणीचा जुना कोळीवाडा आहे, आणि त्याच्या पलीकडे ठाण्याची खाडी पसरली आहे. दिवसातून दोन वेळा भरतीचे खारे पाणी तिच्यात चढते व दोन वेळा ओसरते. खाडी म्हणजे जमिनीत शिरलेला समुद्रच होय. समुद्र जेथवर येतो तेथवर त्यातील जीवही येऊ शकतात, ही गोष्ट कोळी विसरत नाही; शहरातील माणूस मात्र विसरतो.

ठाण्याच्या उत्तरेस वैतरणा नदीची अशीच एक खाडी आहे. हा भाग आज पालघर जिल्ह्यात मोडतो. १ ऑगस्ट २०१४ पूर्वी तो ठाणे जिल्ह्यातच होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये मनोरजवळ या खाडीत उतरलेल्या एका तरुण मच्छीमारावर मुशीने, म्हणजेच शार्क माशाने, हल्ला केला व त्याच्या पायाचा जबर चावा घेतला. तो गंभीर जखमी झाला. पुढे ती मुशीही खाडीत मृतावस्थेत आढळली. मनोर हे काही समुद्रकाठचे गाव नव्हे. तेव्हा एवढा मोठा सागरी मासा इतक्या आत आला कसा, हा प्रश्न सर्वांना पडला.

बहुतेक मुशींना गोडे पाणी मानवत नाही. त्यांच्या रक्तात क्षार व युरिया यांचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्यांच्या शरीराचा तोल राखला जातो. गोड्या पाण्यात तोच तोल बिघडतो. परंतु ‘बुल शार्क’ नावाची जात याला अपवाद आहे. गोड्या पाण्यात शिरताच तिची मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकू लागतात व शरीरातील क्षार राखून ठेवतात. या गुणामुळे ती जगातील अनेक नद्यांत दूरवर जाते. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीत ती मुखापासून हजारो किलोमीटर आत आढळली आहे. खाड्यांचे व नदीमुखांचे उथळ, गढूळ पाणी तिच्या पिलांना सुरक्षित असते, म्हणूनही ती अशा जागी येते.

गढूळ पाण्यात मुशीचे डोळे फारसे उपयोगी पडत नाहीत. परंतु निसर्गाने तिला इतर साधने दिली आहेत. पाण्यात मिसळलेला रक्ताचा अल्प अंशही तिला वासाने कळतो. तडफडणाऱ्या माशाने उठविलेली कंपने तिच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या संवेदनशील रेषेला जाणवतात. तिच्या नाकाडावर बारीक छिद्रे असतात. त्यांच्या योगे इतर जीवांच्या शरीरातील सूक्ष्म वीजही तिला ओळखता येते. इटलीतील स्टेफानो लोरेन्झिनी या शास्त्रज्ञाने १६७८ साली या छिद्रांचे वर्णन केले. म्हणून ती आजही त्याच्या नावाने ओळखली जातात. जाळ्यात मासे तडफडत असतील आणि त्यांच्याजवळ माणसाचे पाय हलत असतील, तर त्या अंधुक पाण्यात मुशीला दोहोंतील भेद कसा समजावा? अनेक चाव्यांचे मूळ अशा गैरसमजातच असते, असे अभ्यासक मानतात.

यावरून पाण्यात वावरण्याचे नियम सहज ध्यानात येतात. पहाटे व तिन्हीसांजेस, तसेच गढूळ पाण्यात एकट्याने उतरू नये. जेथे मासे साफ करून त्यांची आतडी पाण्यात टाकली जातात, तेथे पोहू नये. होडीतून जाताना हातपाय पाण्यात सोडून बसू नये. जाळ्यात आलेली मुशी निपचित पडली, तरी ती मेली असे गृहीत धरून तिच्या तोंडाजवळ हात नेऊ नये. मालवणच्या समुद्रात बुडी मारून प्रवाळ व रंगीत मासे पाहण्यास आज पुष्कळ लोक जातात. अशा वेळी मुशी दिसलीच, तर धडपड करून पळू नये. तिच्यावरची नजर न काढता, सोबत्यांना धरून, संथपणे होडीकडे परतावे. दुर्दैवाने कोणास चावा बसला, तर जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून प्रथम रक्तस्राव थांबवावा व त्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

हे नियम वाचून कोणी असे समजू नये की, समुद्र मुशींच्या हल्ल्यांनी भरलेला आहे. माणसाने डिवचले नसता झालेल्या मुशींच्या हल्ल्यांची २०२३ साली साऱ्या जगात मिळून ६९ प्रकरणे नोंदली गेली; त्यांत १० माणसे दगावली. याच्या उलट, माणसाच्या मासेमारीत दरवर्षी सुमारे ८ कोटी मुशी मरतात, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले. बांगडा किंवा तारली एका हंगामात हजारो अंडी घालते. मुशीला मात्र वयात येण्यास अनेक वर्षे लागतात आणि पिलेही थोडीच होतात. त्यामुळे तिची संख्या एकदा घटली की लवकर भरून येत नाही. चाळीस कोटी वर्षांपूर्वीपासून समुद्रात नांदत असलेले हे कुळ आपल्या डोळ्यांदेखत विरळ होत आहे. तेव्हा या दोघांत वैरी कोण, हे ज्याचे त्यानेच ठरवावे.

हे वैर मिटविण्याचे काही प्रयत्नही झाले आहेत. व्हेल शार्क ही जगातील सर्वांत मोठी मुशी होय. एवढे प्रचंड शरीर असूनही ती पाण्यातील अतिसूक्ष्म जीव व लहान मासे गाळून खाते आणि माणसाच्या वाटेस जात नाही. २००१ साली तिला वन्यजीव संरक्षण कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले. परंतु केवळ कायद्याने जाळ्यात अडकलेला जीव सुटत नाही. त्यासाठी मच्छीमारास स्वतःचे जाळे कापावे लागते. जाळे म्हणजे त्याच्या घरची भाकरी. म्हणून महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये अशी योजना आखली की, संरक्षित जीवाला सोडण्यासाठी ज्याने जाळे कापले, त्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. त्यानंतर आपल्या किनाऱ्यावरील अनेक मच्छीमारांनी व्हेल शार्क, समुद्री कासवे व डॉल्फिन यांना जाळी कापून जीवदान दिले आहे. भर समुद्रात, कोणी पाहत नसताना, हातातील कोयता जाळ्यावर चालविणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. बलवंताच्या आश्रयाने राहून त्याच्याशी शत्रुत्व करू नये, असा तिचा व्यवहारातील अर्थ आहे. परंतु या म्हणीतील शब्दांचा सरळ अर्थ घेतला, तरी तो तितकाच खरा ठरतो. ज्यास मुशीचे ज्ञान नाही, तो तिला भितो. आणि ज्यास भितो, त्याचा नाश करू पाहतो. ज्यास ज्ञान आहे, तो सावध राहतो आणि तिला तिच्या वाटेने जाऊ देतो. खाडीच्या काठी राहणाऱ्या माणसाने यांतील दुसरी रीत शिकून घ्यावी, हेच उचित होय.

प्रश्न

१. बुल शार्क गोड्या पाण्यात कशी राहू शकते?
२. गढूळ पाण्यात मुशी आपले भक्ष्य कसे ओळखते?
३. ‘जाळे म्हणजे त्याच्या घरची भाकरी’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. भीती आणि सावधपणा यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.